पूल बांधून झाला, आता पाणी कधी? बडोद्यातल्या घरच्या हौदासाठी

बडोद्याजवळ भायलीला ताईच्या बंगल्यामागे पूल बांधायला काढला, तेव्हा दांडिया बाजारातल्या मावशीने फोनवर विचारलं, "पूल? कुठल्या नदीवर गं?" तेव्हापासून आमच्या घरात त्याला हौदच म्हणतात. मला हा शब्द आवडतो, कारण घरामागचा स्विमिंग पूल हा शेवटी पाण्याचा हौदच असतो. निळ्या बारीक तुकड्यांचा मोझॅक, दिवे, स्टीलची शिडी ही सगळी वरची नटवणूक.

खणून झालं आहे, काँक्रीट पडलं आहे आणि ठेकेदार रोज "थई जशे, साहेब" (होऊन जाईल) म्हणतो आहे, अशा लोकांसाठी हे लिहितो आहे. मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सिव्हिल शिकलो आणि आयुष्यभर पाण्याच्या टाक्या बांधल्या. तरीही ताईच्या हौदात मी चुकलो, कारण शेवटच्या टप्प्यात लक्ष दिलं नाही. सांधे भरून दोनच दिवस झाले होते. पाडव्याला पूजा करायची म्हणून ठेकेदाराने एका दुपारी ओळीने टँकर उभे केले आणि संध्याकाळपर्यंत हौद काठोकाठ भरून दिला. फोटो फार सुंदर आले. तीन आठवड्यांनी खोल कोपऱ्यातला मोझॅक पापडासारखा सुटून तळाशी पडला. भाऊजी एवढंच म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना?"

हिशेबासाठी पुढे सगळीकडे ताईचाच हौद धरतो: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, उथळ टोकाला १.०५ मीटर पाणी, खोल टोकाला १.६५, तळ एकसारखा उतरता. सरासरी खोली १.३५ मीटर, म्हणजे ४३.२ घनमीटर, म्हणजेच ४३,२०० लिटर. तुमचा आकडा आजच काढून पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. टँकरपासून क्लोरीनपर्यंत प्रत्येक ठिकाणी तोच लागतो, आणि ऐन वेळी कोणालाच आठवत नाही.

तारीख हौदाला ठरवू द्या

बडोद्याच्या आसपासची बरीच जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. म्हणून इथे खणायचं दिवाळीनंतर, काँक्रीट उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आतबाहेर, चाचणी आणि मोझॅक फेब्रुवारी-मार्चमध्ये. या क्रमाने गेलात तर मार्चअखेर पाणी भरता येतं. मे महिन्यात ४२ अंशांत मोझॅक लावायला गेलात तर चिकटवायचा मसाला भिंतीवर पसरेपर्यंतच त्यावर साय धरते, आणि साय धरलेल्या मसाल्याला काही चिकटत नाही. मेमध्येच करावं लागलं तर हौदावर हिरवी जाळी ताणा आणि कडियाला, म्हणजे गवंड्याला, पहाटे बोलवा.

काँक्रीटला २८ दिवस द्या, त्यातले पहिले निदान दहा दिवस ते सतत ओलं हवं. भिंतींवर पोती लटकवून ती भिजत ठेवायची. दिवसातून दोनदा पाइप फिरवला म्हणजे क्युरिंग झालं असं नाही.

काम रखडून जून आला तर? मग मोझॅकचा नाद सोडा आणि कोरी टाकी तशीच पाण्याने भरून ठेवा. कारण शेवटी सांगतो.

कोरी टाकी भरून पाहा

ही पायरी ठेकेदाराला सगळ्यात नकोशी असते, कारण तिच्यात दोन आठवडे जातात आणि बिल पुढे सरकत नाही. पण गळती शोधायची ती मोझॅक लागण्याआधीच. नंतर ती शोधणं म्हणजे लावलेला मोझॅक फोडणं.

पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे, आणि जमिनीखालच्या टाकीची त्यातली पद्धत सरळ आहे. टाकी भरायची आणि सात दिवस सोडून द्यायची, म्हणजे काँक्रीट प्यायचं तेवढं पाणी पिऊन घेतं. मग पातळीची खूण करायची आणि पुढचे सात दिवस दर चोवीस तासांनी मोजायची. घट रोज कमी कमी होत असेल तर आणखी सात दिवस वाट पाहायला हरकत नाही. रोज तेवढीच राहिली तर गळती आहे.

आता मोजणीतली मेख. उघड्या हौदातलं पाणी उन्हानेही जातं. उन्हाळ्यात इथे दिवसाला आठ-दहा मिलिमीटर सहज उडतं, आणि मग ठेकेदार प्रत्येक घट सूर्याच्या नावावर टाकतो. त्यावर बादलीचा उपाय आहे. पायरीवर एक बादली ठेवा, हलू नये म्हणून आत दगड टाका, आणि हौदाच्या पातळीइतकंच पाणी तिच्यात भरा. बादलीच्या आत एक खूण, बाहेर हौदाच्या पातळीवर दुसरी. चोवीस तासांनी दोन्ही बघा. ऊन दोघांना सारखंच लागलेलं असतं. बादलीत ८ मिलिमीटर गेले आणि हौदात ९, तर निवांत झोपा. बादलीत ८ आणि हौदात २० गेले, तर मधले १२ मिलिमीटर कुठेतरी झिरपताहेत. ताईच्या हौदाचं क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ३८४ लिटर.

गळतीची जागा पाणीच दाखवतं. पातळी उतरत उतरत एका उंचीवर थांबली, तर भोक त्याच उंचीवर आहे. बहुतेक वेळा ते सपाट भिंतीत नसतं. दिव्याच्या खोबणीभोवती, पाणी आत येणाऱ्या तोट्यांच्या गळ्याशी, नाहीतर पाणी ओढून घेणाऱ्या तळाच्या जाळीभोवती असतं, जिथे जिथे प्लास्टिकचा पाइप काँक्रीटमधून जातो तिथे. याच सुमाराला पाइपलाइनही दाबावर तपासून घ्या. टोकं बंद करून पंपाच्या कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. पाइप उघडे असतानाच. वर फरशी बसल्यावर हा काटा बघून फक्त रडता येतं.

चाचणीचं पाणी गटारात सोडू नका. अजून त्यात कुठलंही रसायन पडलेलं नाही. ताईने ते हळूहळू आंब्यांना आणि लॉनला दिलं आणि उरलेलं कंपाउंड वॉलच्या क्युरिंगला वापरलं.

वॉटरप्रूफिंग, थोडक्यात

टाकी पास झाली तरी हे करायचंच. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या काटकोनात आधी गोलसर वाटा, म्हणजे भर, मारून घ्या, कारण थर कोपऱ्यातच चिरतो. मग सिमेंट-पॉलिमरचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. डब्यावर लिहिलेले दिवस थांबा, आणि पुन्हा तीन-चार दिवस पाणी भरून पाहा. एवढंच.

मोझॅक, सांधे आणि धीर

इथे मात्र वेळ काढून उभे राहा.

परदेशी व्हिडिओंमध्ये एक गोष्ट ठासून सांगतात: नळ एकदा सुरू केला की पूल भरेपर्यंत बंद करायचा नाही, नाहीतर कडेला कायमची रेघ उठते. ते खरं आहे, पण त्यांच्यासाठी. अमेरिकेत अनेक पूल आतून पांढऱ्या सिमेंट-प्लास्टरचे असतात. प्लास्टर ओलं असतानाच पाणी चढवतात, ते पाण्याखालीच पक्कं होतं, आणि भरणं मध्येच थांबलं तर पाण्याच्या रेषेवर डाग बसतो. आपल्याकडे बहुतेक घरचे हौद मोझॅकचे. त्याला नेमका उलटा नियम: आधी पूर्ण वाळू द्या, आणि मग सावकाश भरा. ताईच्या ठेकेदाराने प्लास्टरची घाई मोझॅकला लावली, असं मला आता वाटतं. त्याने व्हिडिओ पाहिला होता की त्याला फक्त पैसे हवे होते, देव जाणे.

मोझॅकच्या लाद्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत कागद पुढून चिकटवलेला असतो, दुसरीत पाठीमागे जाळी. जाळीवाली लावायला सोपी, म्हणून कडिया तीच सुचवतो. पण जाळी ज्या गोंदाने चिकटवलेली असते तो पाण्यात विरघळणारा निघाला तर मधला थरच सुटतो. दुकानातून एक लादी आणा आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी तुकडे हातात आले तर ती न्हाणीघराच्या भिंतीला द्या, हौदाला नको. कागदवाली लादी लावायला वेळखाऊ, पण तिची पाठ पूर्णपणे मसाल्यात बसते.

मसाला म्हणून सिमेंटचा रगडा किंवा पांढरं सिमेंट चालणार नाही. पॉलिमरचा, कायम पाण्याखाली राहण्यासाठी बनवलेला टाइल-चिकटा घ्या आणि पोत्यावर 'स्विमिंग पूल' असं लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. सांध्यांना इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा राळेचा मसाला. पांढऱ्या सिमेंटने सांधे भरले तर पहिल्या वर्षी दिसतात छान, पण ॲसिडचा प्रत्येक डोस ते थोडं थोडं खात जातो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. इपॉक्सी महाग आहे हे मान्य. पण पैसे वाचवायचेच असतील तर धबधबा कमी करा, शिडी साधी घ्या. इपॉक्सी लावताना मात्र एक माणूस मागोमाग स्पंज घेऊन हवाच, कारण वाळलेली फिल्म नंतर नखाने निघत नाही.

दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने सगळा मोझॅक ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर खडूने गोल करा आणि तेवढा भाग काढून पुन्हा लावून घ्या. कडिया कुरकुर करेल, त्याला चहा द्या. आमचा कडिया म्हणाला होता, "काका, पाणी भरलं की आवाज कोण ऐकणार?"

त्यानंतर थांबायचं. इपॉक्सीला निदान सात दिवस, आणि मागच्या सिमेंटच्या चिकट्याला कंपनी सांगेल तेवढे, सहसा १४ ते २१. दोन्हींत जो मोठा आकडा तो तुमचा. या दिवसांत हौदाभोवतीची फरशी, दिव्यांचं वायरिंग, पंपाची खोली अशी कामं संपवा. पुढच्या पायरीनंतर आसपास दगड कापणं बंद.

झाडू, फडकं आणि वाळू

भरण्याआधीचा हौद स्वयंपाकघरातल्या पातेल्याइतका स्वच्छ हवा. झाडू मारा, ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा पुसा. आत अनवाणी उतरा. सिमेंटची धूळ राहिली तर ती पाण्यात विरते, पाणी पांढुरकं होतं, आणि नंतर महिनाभर तुम्ही रसायनांना दोष देता. पाइपांमध्ये सिमेंटचा गाळ आणि गुटख्याच्या पुड्याही निघतात, माझ्यावर विश्वास ठेवा. म्हणून प्रत्येक लाइन पंप जोडण्याआधी नुसत्या पाण्याने धुऊन काढा.

फिल्टरची वाळू म्हणजे नदीची वाळू नव्हे. ठरावीक आकाराची चाळलेली सिलिका वाळू लागते, साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची. फिल्टरच्या पोटात तळाशी फटी असलेल्या नाजूक नळ्या असतात. कोरड्या पोटात वरून पोतं ओतलं की एखादी मोडते आणि मग पहिल्या दिवसापासून हौदात वाळू येत राहते. आधी पोट अर्धं पाण्याने भरा, मग वाळू हळूहळू सोडा.

पाणी कुठलं

बडोद्याला पिण्याचं पाणी आजव्याच्या सयाजी सरोवरातून आणि मही नदीच्या काठच्या फ्रेंच विहिरींतून (पात्राखालच्या वाळूतून पाणी खेचणाऱ्या) येतं. ते हौदात ओतू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या लाइनीवर मोटर लागली की शेजारच्या सोसायटीत नळाला फुस्स आवाज येतो, आणि मग बोलणी खावी लागतात. उरले बोअर आणि टँकर. टँकर म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याचा बोअर, एवढं ध्यानात ठेवा आणि टँकरवाल्याला पाणी कुठल्या गावचं आहे ते विचारा.

भरण्याआधी दोन तपासण्या करा. एक प्रयोगशाळेतली: पीएच (पाणी किती आंबट ते), क्षारता (पीएचला जागेवर धरणारा गुण), कठिणता (पाण्याचा जडपणा), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि लोह. दुसरी फुकटातली: पांढऱ्या बादलीत ते पाणी घ्या, चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं झालं तर त्यात लोह किंवा मँगनीज आहे. हीच गोष्ट पूर्ण हौदात झाली तर सांध्यांवर तांबूस डाग बसतील. असं पाणी असेल तर दुसरा स्रोत शोधा. नाहीच मिळाला तर क्लोरीन टाकण्याआधी धातू बांधून ठेवणारं रसायन टाकावं लागतं, आणि ते काम जाणकाराकडून करून घ्या.

आपल्या बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, गिझरला खडी धरते, हे सांगायला नको. कठिणता २०० ते ४०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) दरम्यान असेल तर हौदाला चालते. त्याहून बरीच वर असेल तर हलक्या पाण्याचा टँकर मिसळा. काही जण उत्साहाने सगळं पाणी सॉफ्टनरमधून काढतात. ते करू नका. ज्या पाण्यात कॅल्शियम नाही ते पाणी आपली भूक सिमेंटवर भागवतं.

भरायचे तीन दिवस

ब्रिटनच्या टाइलकामाच्या मानकात मोझॅकचा पूल दिवसाला ७५० मिलिमीटरपेक्षा जास्त चढवू नये असं आहे. मी तोच आकडा धरतो. पाण्याचं वजन अंगावर घ्यायला टाकीला, मसाल्याला आणि सांध्यांना वेळ मिळतो.

१०,००० लिटरच्या टँकरचा हिशेब ताईच्या हौदात असा बसतो. उतरता तळ असल्यामुळे पहिला टँकर खोल टोकाच्या पाचरीतच मावतो (ती पाचर ९,६०० लिटरची आहे) आणि तिथे पाणी ६० सेंटिमीटर चढतं. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी दोन टँकर, पातळी आणखी साधारण ६२ सेंटिमीटर वर. तिसऱ्या दिवशी उरलेलं दीडएक टँकर. टँकरवाला म्हणेल, "एकदम खाली करून टाकू ना, फेरे वाचतील." फेऱ्याचे पैसे द्या आणि नाही म्हणा.

बोअरने भरत असाल तर आपोआपच सावकाश होतं. २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. ३० सेकंद लागले तर मिनिटाला ४० लिटर, तासाला २,४००, म्हणजे सलग १८ तास. ते दोन-तीन दिवसांत वाटून चालवा, बोअरलाही दम मिळतो.

टँकरचा जाड पाइप मोझॅकवर थेट सोडू नका. खोल टोकाला दुमडलेलं स्वच्छ गोणपाट टाका आणि धार त्यावर पडू द्या. पाण्याखालचे दिवे कोरडे असताना लावून बघायचा मोह होतो, तो आवरा. हे दिवे पाण्यानेच थंड राहतात. दिवे १२ व्होल्टचेच घ्या, आणि पंपाच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना, त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो ना, हे भरण्याआधी बघा.

जलपूजन जरूर करा. फक्त हळद-कुंकू काठावरच्या ताटात राहू द्या आणि नारळ काठावर फोडा. ताईच्या हौदात दुसऱ्या वेळी भरतानाही कुणीतरी ओंजळभर कुंकू आत टाकलंच.

पंप

भिंतीतल्या स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) तोंडाच्या मध्यापर्यंत पाणी आलं की पंप चालू करता येतो, त्याआधी नाही. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत आपलं सील जाळतो. आधी गाळणीचं भांडं पाण्याने भरा, झाकण घट्ट करा, सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत का बघा, मग बटण. फिल्टरच्या डोक्यावरच्या छोट्या तोटीतून हवा फुसफुसत जाऊ द्या. तिथून पाण्याची धार आली की तोटी बंद.

पहिलं काम बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं, त्याने नव्या वाळूतली धूळ बाहेर जाते. त्यानंतर दाबाचा काटा जिथे स्थिर होईल तो आकडा मार्करने फिल्टरवरच लिहा. पुढे काटा त्याच्या अर्धा ते पाऊण बार वर गेला की बॅकवॉश करायचा. रोज धुऊ नका, थोडीशी मळलेली वाळू नव्या वाळूपेक्षा बारीक गाळते. पंप तासाला ८ घनमीटर खेचत असेल तर सगळं पाणी एकदा फिरायला साडेपाच तास लागतात. पहिले दोन-तीन दिवस तो जवळजवळ अखंड चालवा.

रसायनं, पहिला आठवडा

गोळ्यांनी मोजायची किट घ्या, ज्यात क्लोरीनला गुलाबी रंग येतो ती. क्रम असा: आधी क्षारता, मग पीएच, शेवटी क्लोरीन. उलटं केलं तर पीएच नाचत राहतो आणि तुम्ही त्याच्यामागे.

क्षारता ८० ते १२० पीपीएम हवी. आपल्या बोअरच्या पाण्यात ती बहुधा असतेच, उलट जास्त असते. कमी पडली तर खाण्याचा सोडा, तोच डब्यातला, फक्त पोत्याने घ्यायचा. ४३,२०० लिटरमध्ये १० पीपीएम चढवायला साधारण ७२५ ग्रॅम लागतो. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. सिमेंटचा अंश पाण्यात उतरत असल्यामुळे नव्या हौदात तो सतत वर चढतो, म्हणून पहिले काही आठवडे रोज सकाळी बघा. उतरवायला पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, एका वेळी पाव लिटरच्या आसपास, पंप चालू असताना खोल टोकाला; चार तासांनी पुन्हा मोजा. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड. उलटं केलं तर ॲसिड उसळून अंगावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा.

क्लोरीन १ ते ३ पीपीएम. ६५ टक्क्यांची दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर ताईच्या हौदात २०० ग्रॅमने ३ पीपीएम येतं. दाणे बादलीभर पाण्यात विरघळवून संध्याकाळी टाका. दिवसा टाकलेलं क्लोरीन आपलं ऊन दोन-तीन तासांत खाऊन टाकतं. त्यासाठी सायन्युरिक ॲसिड नावाचं एक रसायन क्लोरीनला छत्री धरतं, ते ३० ते ५० पीपीएम पुरे. पण तुम्ही पुढे टीसीसीएच्या (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या वापरणार असाल तर त्यांच्यातूनही ते येतच राहतं आणि साठत जातं, तेव्हा सुरुवातीला हात राखून टाका.

एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून पंपाच्या खोलीत लावा: टीसीसीएची गोळी आणि हायपोक्लोराइटचे दाणे एकत्र करायचे नाहीत. एकाच मापाने काढायचे नाहीत, एकाच बादलीत घालायचे नाहीत, एका डब्यावर दुसरा ठेवायचा नाही. दोन्ही क्लोरीनच, तरी एकत्र आले की आग आणि स्फोट होऊ शकतो. ॲसिडचा कॅन दोघांपासून दूर, शक्य तर दुसऱ्याच कोपऱ्यात. ॲसिड आणि क्लोरीन भेटले की विषारी वायू सुटतो. आपल्या घरी माळी, वॉचमन, भाचा असे सगळे 'मदत' करतात, म्हणून हे तोंडी सांगून भागत नाही.

कधी पोहायचं? तळाची जाळी उथळ-खोल दोन्हीकडून स्पष्ट दिसली, पीएच आणि क्लोरीन सलग दोन दिवस हद्दीत राहिले, की. त्याआधी मुलांनी कितीही धोशा लावला तरी नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे. कुंपण निदान चार फुटांचं, त्याचं फाटक आपोआप मिटणारं आणि कडी मुलांच्या हाताबाहेर. हे पाणी भरण्याआधी उभं हवं, 'पुढच्या महिन्यात' नको. तळाच्या जाळीचे स्क्रू हाताने हलवून बघा, आणि ओढ एकाच तोंडावर येऊ नये म्हणून तळाला दोन तोंडं असलेली बरी. खेळणी पाण्यात तरंगत ठेवू नका. चेंडू दिसला की लहान मूल वाकतंच.

पावसाळा आणि रिकामा हौद

जून आला तर कोरी टाकी भरून ठेवा म्हटलं होतं, आता त्याचं कारण. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामी टाकी होडीसारखी वागते. ताईच्या टाकीचा तळ बाहेरून मोजला तर ३७ चौरस मीटर. भोवतीचं पाणी तळापासून एक मीटर वर चढलं की खालून ३७ टनांचा रेटा बसतो. वीस सेंटिमीटर जाडीच्या त्या टाकीचं स्वतःचं वजन जवळपास तेवढंच भरतं. पाणी आणखी वीतभर चढलं की ती उचलली जाते, आणि उचलली म्हणजे पाइप तुटले, काठ फुटले, सगळं गेलं. आत पाणी असेल तर तेच तिला दाबून धरतं. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तर चांगलंच, पण तो काळ्या मातीने चोंदू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. जून ते ऑक्टोबर हौद रिकामा करायचा नाही, मोझॅक असो वा नसो. शेजारच्या शेतातल्या विहिरीत सप्टेंबरात पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसाला विचारून ठेवा. तो आकडा कुठल्याही ठेकेदाराच्या अंदाजापेक्षा खरा.

पाणी हिरवं झालं, गढूळ झालं तरी पावसाळ्यात उपसायचं नाही, आतच साफ करायचं. बडोद्यात २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली आणि अर्ध्या शहराच्या अंगणात शिरली. अशा पुराचं पाणी हौदात आलं तर बाहेरचं पाणी ओसरून जमीन कोरडी होईपर्यंत आतल्या पाण्याला हात लावू नका. पंपाची वीज मेनपासून बंद. गाळ जाळीने काढा, पंप आणि मोटर तपासून घ्या, मग क्लोरीन.

आणि त्या गढूळ पाण्यात जाळी घालण्याआधी काठावरून टॉर्च मारून चारही कोपरे बघा. विश्वामित्रीच्या मगरी पुरात सोसायट्यांमध्ये येतात हे बडोदेकराला सांगायला नको, आणि घरामागचा शांत हौद तिला आवडण्यासारखाच असतो. दोन डोळे चमकले तर जाळी खाली ठेवा, फाटक लावून घ्या आणि वनखात्याला फोन करा.